ह्यांचं गाऱ्हाणं

जितेंद्र आला तेव्हा मी अंगणात काजूबिया वाळत घालत होते आणि हे पडवीत बसून हाताला पट्टी गुंडाळत होते. बॉक्सर लोक ग्लोव्ह्ज चढवण्याआधी गुंडाळतात ती सुती पट्टी. ह्यांचा सराव सुटून बावीस वर्षं झाली, तरी हे रोज सकाळी ती गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. दुपारपर्यंत तेवढाच उद्योग. आधी मी ती लपवून ठेवायचे. मग लक्षात आलं की पट्टी हातात असली की हे फाटकाबाहेर जात नाहीत. तेव्हापासून मीच ती धुऊन, वाळवून हातात देते.

जितेंद्र हा आमच्या गावच्या व्यायाम मंडळाचा अध्यक्ष. मालवणहून बारा किलोमीटर आत आमचं गाव, आणि तिथे ह्याने चार वर्षं सरकारदरबारी खेटे घालून बॉक्सिंगचा हॉल बांधून घेतला. पोरगा कामाचा आहे. फक्त बोलायला लागला की मूळ मुद्द्यावर यायला त्याला दोन कप चहा लागतो.

"काकी, एकवीस तारखेक उद्घाटन ठरला," दुसऱ्या कपाला तो म्हणाला. "पण नावाचा जरा अडला हा."

"अडला म्हणजे?"

"हॉलाक तात्यांचा नाव देवचा असा माझा पयल्यापासून म्हणणा. पण कमिटीत काय जण म्हणतत, तात्या आता बरे नाय. नाव देवचा आणि माणूस स्टेजवर येवन दोन शब्द बोलूक शकणा नाय, तर बरा दिसणा नाय. त्यापेक्षा नुसता 'क्रीडा भवन' लिवया."

"कोणी सांगल्यान बरे नाय म्हणान?"

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. नेमकं त्याच वेळी ह्यांनी हसून मान हलवली. काही कळलं नाही की हे असेच हसून मान हलवतात. बाहेरच्यांना वाटतं, केवढा नम्र माणूस.

"येतले," मी म्हटलं. "आणि बोलतले पण. तू रंगाऱ्याक नाव लिवक सांग."

तो गेल्यावर मी पुन्हा बियांपाशी बसले. आपण काय बोलून बसलो ह्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. जेवण होतं, झोप लागते, सुपाऱ्या सोलून होतात. बाकी आत काही हलत नाही.

डॉक्टर गोव्याचे. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले आणि मग मला विचारलं, "हे किती सामने खेळले?" मी लगेच सांगितलं, दोनशे बारा. लष्करातली वही आहे ह्यांची, त्यात प्रत्येक सामना लिहिलेला आहे. डॉक्टर म्हणाले, "आणि सरावात किती मार खाल्ला?" ते कुठल्या वहीत असणार? वीस वर्षं, रोज दोन वेळा, आपल्याच पलटणीतल्या पोरांकडून डोक्यावर ठोसे. डॉक्टर म्हणाले, मेंदू आतून झिजत चाललाय, आधी नवं पुसलं जाईल, मग जुनं. औषध आहे का, तर नाही. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "डॉक्टर बरो होतो." एवढंच.

तेव्हापासून मी झाकून ठेवत आले. फोन आला की हे बागेत गेलेत. लग्नाचं आमंत्रण आलं की ह्यांचा गुडघा धरलाय. एकदा क्रीडा दिनाला एक पत्रकार घरापर्यंत आला, तर मी सांगितलं, ह्यांचं मौनव्रत आहे. त्याने तसंच छापलं. माजी विजेत्याची अध्यात्माकडे वाटचाल. मी ते वाचून हसलेसुद्धा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर सांगते. मोबाईलवर एक क्लिप आहे. ह्यांची शेवटची लढत, कुणीतरी कॅमेऱ्यावर घेतलेली. समोर एकोणीस वर्षांचा पोरगा. हे कागदावर तेहतीस, खरे छत्तीस. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून ठोकून दिली आणि वय तीन वर्षं खाली आणलं. त्या काळी गावात सगळ्यांचंच तसं. पुढे हे खेळात शिरले तेव्हा घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं, वयाची अट असताना धोंडूला तीन वर्षं जास्त खेळायला मिळणार म्हणून. माझे सासरे तर गुरुजींच्या घरी फणस पोचवून आले होते. ह्याच तीन वर्षांत ह्यांचे पाय जड झाले, मान वेळेवर बाजूला होईना, आणि आधी कधी बसले नसतील एवढे ठोसे बसले. क्लिपमध्ये दुसऱ्या फेरीत हे पडतात. उठायला जातात, दोरी धरतात, पुन्हा पडतात. नऊ लाख लोकांनी ते पाहिलंय. परदेशात जिंकलेलं सुवर्णपदक आमच्या कपाटात आहे, ते बघायला कुणी येत नाही.

गेल्या वर्षी तिठ्यावर चार पोरांनी ह्यांना गाठलं. "तात्यानू, तुमी कसे पडलात ता दाखवा मां." आणि ह्यांनी दाखवलं. भर रस्त्यात, डांबरावर. गुडघा फुटला. मी हळद लावली तेव्हा हे खुशीत होते, पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून. त्या दिवसापासून मी ठरवलं, गावात एक तरी भिंत अशी पाहिजे जिच्यावर धोंडू राऊळ हे नाव उभं असेल. मला बॉक्सिंग कधीच आवडलं नाही. पण माणसाने तारुण्य घातलं त्यात. निदान नाव तरी पडलेलं राहू नये.

म्हणून मी भाषण बसवायला घेतलं. चारच वाक्यं. मंडळाचे आभार, गुरूंचे आभार, पोरांनी व्यसन करू नये, जय हिंद. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ घोकून घेतलं. पहिलं वाक्य यायचं, दुसऱ्याला हे माझ्या तोंडाकडे बघायचे. नवव्या दिवशी "जय हिंद" म्हणून खाडकन सलाम ठोकला आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं.

त्याच दुपारी सुचलं. हे काही बोलले नाहीत तरी चालेल, ह्यांनी गाऱ्हाणं घालावं. आमच्याकडे कुठलंही काम देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. गावाचा हा मान राऊळांच्या घरात, सासरे गेल्यापासून ह्यांच्याकडे; गेली तीन वर्षं मात्र मी गुडघ्याचं निमित्त सांगून तो भावकीकडे वळवत होते. लहानपणापासून ऐकलेलं. डॉक्टरांच्याच हिशेबाने ते सगळ्यांत शेवटी जाणार.

मी तुळशीपुढे नारळ ठेवला आणि म्हटलं, "घाला बघया गाऱ्हाणां." ह्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि जो आवाज निघाला तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. "बा देवा रवळनाथा, पाठीराख्या, बारा वाडीच्या धन्या..." एक अक्षर चुकलं नाही. मी एकटीच अंगणात उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळं बिनचूक. जितेंद्रला मी कळवलं, भाषण नको, गाऱ्हाणं हेच घालतील. तो एवढा खूश झाला की चहा न घेताच गेला.

एकवीस तारखेला सकाळी दहाला दीडशेएक माणूस जमला. हॉल चांगला झालाय. मधोमध रिंग, लाल-निळ्या दोऱ्या, दारावर कापडाने झाकलेली पाटी. कमिटीतले ते काही जण पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले. मी ह्यांना पांढरा सदरा घातला होता, ब्लेझर अंगाला सैल होतो म्हणून. दोघांनी धरून ह्यांना रिंगमध्ये चढवलं. दोरीखालून वाकताना मात्र ह्यांना कुणाची मदत लागली नाही. पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. मी रिंगच्या खाली, अगदी जवळ उभी.

ह्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, पाठीराख्या, बारा वाडीच्या धन्या! आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हॉल दणाणला. नव्या पत्र्याखाली आवाज चांगला घुमतो.

"जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल! इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हाताच्या घड्या सुटल्या. एकाने तर डोळे मिटून मान डोलावली. मला वाटलं, झालं. पार पडलं.

आणि मग ह्यांनी श्वास घेतला, तेव्हा मला आठवलं. पाठ असतं ते गाऱ्हाण्याचं निम्मं. त्यानंतर ज्या कामासाठी नारळ ठेवला ते काम, ज्या माणसासाठी ठेवला त्याचं मागणं, हे घालणाऱ्याने आपल्या मनाने सांगायचं असतं. तुळशीपुढे काही कामच नव्हतं, म्हणून हे तिथपर्यंत येऊन थांबायचे. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मी गाऱ्हाणी ऐकतेय, आणि एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

हे नारळाकडे बघत होते. मग माणसांकडे. मग खाली माझ्याकडे, आणि बराच वेळ माझ्याकडेच.

"आणि म्हाराजा," हे म्हणाले, "ही एक बाई आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ही माझ्या घराक ऱ्हवता. माका न्हाणयता, जेवक वाढता. कधी चिडता, पण मनान बरी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" थोडी माणसं हसली. नवऱ्याने बायकोची गंमत केली असं त्यांना वाटलं.

"कोणाची ती माका ठावक नाय. इचारूक बरा दिसणा नाय म्हणान मी इचारलंय नाय. पण तिची माणसां तिची वाट बघत आसतली. माझ्यापायी ती हय अडाकली हा."

पुढच्या रांगेतले गप्प झाले होते. जितेंद्रने तोंडावर हात धरला. मागच्यांना शब्द नीट पोचत नव्हते, ते आपले होकार भरायला थांबले होते. ह्यांनी आवाज चढवला, शेवटच्या मागण्याला चढवतात तसा.

"तर तिका तिच्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून शंभर गळ्यांनी म्हटलं. त्यात माझाही आवाज होता. सवयीने निघून गेला, बोलून झाल्यावर मला ऐकू आला. आणि तीन वर्षांत जे वाटलं नव्हतं ते सगळं एकदम वाटलं. भर गर्दीत मला इतकं एकटं वाटलं की रिंगचा खांब धरावा लागला. ह्यांनी माझ्यासाठी देवाकडे उभ्या जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. सगळी मागणी त्या दोनशे बारा लढतींसाठी गेली. आज पहिल्यांदा मागितलं, ते मला घालवून द्यायचं, आणि तेही मायेने. मला आठवेना ह्यांनी मला नावाने हाक शेवटची कधी मारली. वर्ष झालं असेल. "गो" म्हणायचे, आणि मी ओ द्यायचे. "गो" तर हे मासळीवालीलाही म्हणतात.

जितेंद्र जवळ आला. "काकी..."

"नारळ फोड," मी म्हटलं. "गाऱ्हाणां झाला. आता नारळ फोडूक व्हयो."

त्याने फोडला. कापड ओढलं. धोंडू राऊळ बॉक्सिंग हॉल. अक्षरं चांगली ठळक होती. कमिटीतले ते काही जणसुद्धा रांग लावून ह्यांच्या पाया पडले. हे हसून मान हलवत होते. मी पाटी दोनदा वाचली. ह्याच्यासाठी एवढं केलं, आणि आता त्या अक्षरांकडे बघून मला काहीच वाटत नव्हतं.

बारा वाजता आम्ही घरी निघालो. गाडीने सोडतो म्हणाले, मी नको म्हटलं. ऊन तापलं होतं. उतारावर ह्यांचा तोल जातो म्हणून मी हात धरला, तर ह्यांनी तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईचा हात भर रस्त्यात धरायचा नाही, एवढी रीत ह्यांना अजून कळते. मग हे जरा अंतर ठेवून चालू लागले.

काजूच्या बागेपाशी हे थांबले. "बाई, तुमचा घर खंय?"

"हयच," मी म्हटलं. "वायच पुढे."

"मगे मी तुमका सोडतंय. अशा उन्हाचा एकट्यान जावचा नाय."

"बरां," मी म्हटलं, आणि ह्यांच्या मागून चालू लागले.