मोनाचा गळा आणि अंबूबाईचा धवला

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीत मैना कर्जतजवळच्या भिसेगावला आईच्या दारात आली, ती गळ्यात शाळकरी पोरांची पाटी अडकवून. मुंबईच्या डॉक्टरनं सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही अशी सक्त ताकीद दिली होती. काय सांगायचं ते लिहून सांगा, म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की पेशंटच्या आईनं शाळेचा उंबरा कधी पाहिलेला नाही. मैनानं पाटीवर लिहिलं, 'आई, थोडे दिवस राहायला आले आहे.' अंबूबाईनं पाटी उलटसुलट करून बघितली, "बरी हाय, नवी दिसते," म्हणाली आणि परत दिली.

ही तीच मैना, जिला मुंबई मोना म्हणून ओळखत होती. रॉक अँड रोल गाणारी मोना. चर्चगेटजवळच्या एका बड्या हॉटेलात दर शनिवारी तिचा कार्यक्रम असे. चार रेकॉर्डी निघाल्या होत्या, कलकत्ता, दिल्ली, थेट कोलंबोपर्यंत दौरे झाले होते, आणि कॉलेजातल्या पोरी तिच्यासारखे केस कापून घ्यायच्या. इंग्रजी पेपरात तिचा फोटो यायचा. त्याच पेपराच्या पुड्यांतून भिसेगावात शेंगदाणे यायचे, आणि मग बायका पुडी सोडून तो फोटो अंबूबाईला दाखवायला आणायच्या. निम्म्या कौतुकानं आणायच्या, निम्म्या आईचं तोंड कसं होतं ते बघायला. अंबूबाई दोन्ही प्रकारच्या बायकांना चहा पाजायची आणि फोटोबद्दल चकार शब्द काढायची नाही.

अंबूबाई धवलारीण होती, लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, गाणारी. आगरी लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. मांडव घालताना, हळद लावताना, नवरानवरीला आंघोळ घालताना, ज्या त्या वेळचा धवला तिनं म्हणायचा, तेव्हा पुढचं काम. भटजी तासाभरात उरकून निघून जातो, धवलारीण दोन दोन दिवस बसून गाते. कर्जतपासून खालापूरपर्यंत लोक थट्टेनं म्हणायचे, की लग्नाची तारीख आधी अंबूबाईला विचारतात आणि मग नवऱ्यामुलाला. तिचा दंडक एकच होता, धवला तुटता कामा नये. एकीची ओळ संपायच्या आत दुसरीनं ती उचलायची, मधे श्वासाएवढीही फट ठेवायची नाही. मैना सात वर्षांची झाल्यापासून आईच्या मागे बसून ओळ उचलत होती.

अशा घरातली पोरगी रॉक अँड रोलच्या नादी कशी लागली? त्याला रेल्वे जबाबदार. घाट चढवायला कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावतात. त्या इंजिनांचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर स्टेशनालगतच्या बंगल्यांत राहायचे, आणि त्यातल्या एकाच्या मॅडमकडे मैना धुण्याभांड्याला जायची. मॅडमला ग्रामोफोनचं वेड. भांडी घासता घासता मैनाला सगळ्या रेकॉर्डी पाठ झाल्या, इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना. साठ सालच्या नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच होता, मुंबईहून बँड आला होता. मॅडमनं गंमत म्हणून हिला स्टेजवर उभं केलं.

आणि तिथं मैनानं धवलारणीच्या पोरीनंच करावी अशी चूक केली. कडवं संपलं की गाणाऱ्यानं थांबायचं आणि गिटारला जागा द्यायची, अशी त्या गाण्यांची रीत. मैनाच्या कानाला ती जागा म्हणजे तुटलेला धवला. तिनं आपलीच ओळ आपणच उचलली, वळवली, पुन्हा उचलली. त्या बँडमध्ये गिटारवर होता मुनाफ, मूळचा खालापूरचा, भुसार दुकानदाराचा मुलगा. तो बिचारा चारदा वाजवायला सरसावला आणि चारदा त्याला शिरायला वाव मिळाला नाही. रागानं लालबुंद झाला. पण हॉलमधले लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले होते, कारण असं न थांबणारं गाणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

मुनाफ तापट होता, पण मूर्ख नव्हता. दोन महिन्यांनी तो आपल्या आईला, हवाबीला, घेऊन भिसेगावात आला. पोरगी मुंबईत माझ्या बहिणीकडे राहील, तिच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं हवाबीनं अंबूबाईला सांगितलं. अंबूबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. जायचं तर जा, एवढंच बोलली, आणि दुसऱ्या दिवशी नणंदेला, सोनुबाईला, मागे बसायला बोलावलं. सोनुबाईचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा होता. तरीही बारा वर्षं अंबूबाईनं तिलाच निभावून घेतलं.

मुंबईनं मैनाची चूक डोक्यावर घेतली. 'न थांबणारी मोना' असे बोर्ड लागले. दीड तास ती एकटी गायची, आणि मुनाफ तिच्या मागे झणझण करत राहायचा. आठदहा वर्षं गळ्यानं सोसलं. मग असं व्हायला लागलं, की कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तोंडातून नुसती हवा यायची. गेल्या नाताळात तर भर गाण्यात आवाज फाटला. डॉक्टरनं गळ्यात गाठी आल्याचं सांगितलं. हॉटेलचा मॅनेजर त्याहून स्पष्ट बोलला. हॉलची रंगरंगोटी करून जूनच्या पहिल्या शनिवारी तो पुन्हा उघडणार, त्या दिवशी मोना दीड तास गाऊ शकली तर ठीक, नाहीतर एक नवी मुलगी तयार आहे. मैना तेहेतीस वर्षांची होती. गाण्यावाचून तिला दुसरं काहीही येत नव्हतं, आणि ती मनातून भयंकर घाबरली होती.

मुकं माणूस घरात बसून काय करणार? अंबूबाई तिला लग्नांना बरोबर न्यायला लागली. ज्या गावानं हॉटेलात गाते म्हणून नाकं मुरडली होती, त्या गावातल्या बायका आता मोठ्या मायेनं तिला सरबत आणून द्यायच्या आणि कानाशी येऊन ओरडून बोलायच्या, जणू आवाज गेला म्हणजे कानही गेले. मैना मांडवात कोपऱ्यात बसून आईकडे बघायची. साठी उलटलेली बाई, पाठीत वाकलेली. ती सकाळी गायला बसायची ती दिवस मावळला तरी गातच असायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि एवढं करून घरी आल्यावर भाजीवालीशी भांडायला तिच्याकडे भरपूर आवाज शिल्लक असायचा.

सहा आठवडे संपले त्या सकाळी अंबूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. मैना तिच्यासमोर येऊन बसली. दीड महिन्यानंतरचं पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिनं आधीच ठरवलं होतं.

"आई, तुझा आवाज कसा नाय बसत गं?"

अंबूबाईनं सूप खाली ठेवलं. "आमी दोघी गातो. मी टाकते ती सोनू उचलते. ती गाते तवा मी गप असते. तू टाकतेस पन तूच आनि उचलतेस पन तूच. दोघींचं काम एका गळ्यानं केल्यावर गळा र्‍हाईल कसा?"

"तुला काय ठावं मी कशी गाते?"

"मॅडमनं तुजी रेकॉर्ड लावली होती. पयलीच. मी तवाच बोलले, ही पोर दम खात नाय. आनि त्या हवाबीच्या पोराच्या हातात ते लाकडाचं वाजतं, ते कशाला हाय मग? त्याला का उगा उभा करून ठेवलाय?"

मुंबईच्या डॉक्टरला जे कळलं नव्हतं, ते आईला दहा वर्षांपूर्वी एका रेकॉर्डीवरून कळलं होतं. मग तेव्हाच सांगितलं का नाहीस, असं मैनानं विचारलं.

"तू इचारलंस कवा?" अंबूबाई म्हणाली. "मोटी गानारी तू. मी म्हटलं, हिला आता आपलं कशाला ऐकायचं असंल."

मैनाला रडू फुटलं. इतकी वर्षं आईला आपल्या गाण्याची लाज वाटते असं ती धरून चालली होती, आणि आई मात्र आपल्या गाण्याला पोरीच्या लेखी काही किंमत उरली नाही, असं समजत बसली होती. दोघींनी दहा वर्षं फुकट घालवली. अंबूबाईचेही डोळे भरले, पण तिनं ते तांदळाच्या कोंड्यावर ढकललं आणि पुढच्या सोमवारी पळसदरीला लग्न आहे, मागे बसशील का, असं विचारलं.

मागे बसणं सोपं नव्हतं. उचलायला मैना तयारच होती, पण गप्प बसायला तिला जमेना. पहिल्याच हळदीला आईची ओळ अर्ध्यावर असताना तिनं मधेच तोंड घातलं. अंबूबाईनं गाणं न थांबवता तिच्या मांडीला असा चिमटा काढला, की नवरीकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पेपरात फोटो येणारी मोना चिमटे खात मागे बसते, याचं गावाला केवढं समाधान झालं ते काय सांगावं. पुढच्या लग्नात तिनं दोनच चिमटे खाल्ले. होळी गेली, वैशाख आला, आणि एका मांडवात तिला अचानक जाणवलं, की आई गात असताना आपण नुसत्या ऐकतो आहोत. मनात पुढची ओळ धरून ठेवलेली नाही, भीती नाही, गळा मऊ पडला आहे. आईचा आवाज किती गोड आहे, हे तिला तेव्हा नव्यानं कळलं.

जूनच्या पहिल्या शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. नवी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. मी मधे थांबेन, तेव्हा तू वाजव, असं मैनानं मुनाफला आधीच सांगितलं होतं. तो हसला होता. बारा वर्षांत तू थांबलीस का कधी, असं म्हणाला होता.

पहिलं कडवं संपलं आणि मैना थांबली. मुनाफला खरंच वाटेना, तो तिच्याकडे बघत राहिला. दोन क्षण हॉलमध्ये नुसता ड्रम वाजला. मॅनेजर पडद्याआडून पुढे आला. मैनाचं सगळं अंग ओरडत होतं की उचल, उचल. ती मुकाट्यानं उभी राहिली. मग मुनाफनं हात चालवला.

असा चालवला, की मैनालाही माहीत नव्हतं त्याच्याजवळ एवढं काही आहे. बारा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. मागून कोणीतरी शिट्टी मारली, मग हॉल उठून उभा राहिला. त्याचा शेवटचा सूर मावळायच्या आत मैनानं तो उचलला आणि पुढं नेला. दीड तास दोघं असे एकमेकांच्या हाती गाणं देत राहिले. शेवटचं गाणं संपलं तेव्हा लोकांनी आणखी एक मागितलं. मैनाच्या गळ्यात आणखी तीन गाण्यांचा आवाज होता, तिनं तिन्ही म्हटली. मॅनेजरनं तिथल्या तिथं पुढच्या वर्षाचा करार पुढे केला, आणि तिनं सही करताना मुनाफचं नाव आपल्या नावाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं.

रविवारी सकाळी ती भिसेगावात हजर झाली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बोलता येत असल्याची कित्येक वर्षांतली ती पहिलीच सकाळ होती, आणि ती नुसती बोलत सुटली. हॉल कसा भरला होता, मुनाफ कसा बघत राहिला, मॅनेजरचं तोंड कसं झालं, ती नवी मुलगी शेवटी येऊन पायाच पडली. अंबूबाईनं चहा केला, भात टाकला, आमटीला फोडणी दिली, जेवायला वाढलं, ताटं उचलली, आणि हे सगळं होईपर्यंत मैना तिच्या मागे मागे फिरत एकेक गोष्ट दोनदोनदा सांगत होती. शेवटी अंबूबाईनं ओसरीवर अंग टाकलं आणि डोळ्यांवर पदर घेतला.

"गप बस गं जरा," ती म्हणाली. "माजे कान दुखाया लागले."

मैना हसली, आईच्या पायाशी बसली आणि तिचे पाय चेपत चेपत पुढचं सांगायला लागली.