जाळीआडचं पाणी

एकोणीसशे त्रेपन्न साली, एर्गुवानची झाडं गुलाबी होऊन बॉस्फरसच्या पाण्यावर ओणवी झाली होती तेव्हा, शेमसिनुर तिकीट काढून आपल्याच घरात शिरली.

घर म्हणजे राजवाडा. सात-आठ वर्षांची, कॉकेशसकडची चेर्केस पोर म्हणून ती तिथे आली होती. सुलतानाच्या घराण्यातल्या एका बाईसाहेबांच्या दिमतीला तिथेच वाढली. चोवीस सालच्या मार्चमध्ये घराण्याला देश सोडावा लागला, तेव्हा बाईसाहेबांची पेटी उचलून तीही फ्रान्सला, नीस शहरात गेली. नोकरांना कुणी हाकललं नव्हतं. पण बाईसाहेबांना स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नसे. त्यांना एकटं कसं सोडायचं? मागच्या हिवाळ्यात त्यांचे डोळे मिटले आणि शेमसिनुर मोकळी झाली.

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसामागे लोटाभर पाणी ओततात. पाण्यासारखा वाहत जा, पाण्यासारखा परत ये. चोरसुद्धा घरातून निघाला तर त्याची आई पाणी ओतते. शेमसिनुरच्या मागे मात्र कुणी ओतलं नव्हतं. ओतायला एकच माणूस होतं, पेरिदिल. दोघी एका गादीवर झोपलेल्या, एका ताटात जेवलेल्या. पण ती जाणार हे कळल्यावर पेरिदिल म्हणाली होती, "जा, जा! तुझ्यामागे थेंब ओतीन तर नावाची पेरिदिल नाही!"

होडी धक्क्यावरून सुटली तेव्हा शेमसिनुर मान वळवून बघतच होती. वरच्या खिडकीची लाकडी जाळी बंद होती. पुढे ती पत्र लिहायला बसे, पण "प्रिय" या शब्दापुढे हात जाईना. जिला आपण परतसुद्धा यावं असं वाटलं नाही, तिला काय लिहायचं? स्वप्नात मात्र राजवाडा येई. ती सगळ्या खोल्यांतून फिरे. त्या जाळीच्या खोलीचं दार तेवढं सापडत नसे.

आता ती आली होती ते एवढंच विचारायला. पेरिदिल आहे की गेली, आणि गेली असेल तर रागातच गेली का?

दारात सगळ्यांना बुटांवर चढवायला जाड नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या चपला मिळाल्या. वाटाड्या रुश्तू एफेंदी, पोट सुटलेला आणि मिश्या छान राखलेला माणूस, ओरडला, "पाय घासत चला, हानमएफेंदी, पाय घासत! तेवढीच फरशीला चकाकी येते. सरकारचा पॉलिशचा खर्च वाचतो."

लोक हसले. शेमसिनुर पाय घासत निघाली. पावलांचा आवाजच नव्हता, अगदी स्वप्नातल्यासारखं. झुंबरांना पांढऱ्या पिशव्या घातल्या होत्या. आरसे धुरकट झाले होते, त्यांत कुणीतरी पिकल्या केसांची बाई तिच्याबरोबर चालत होती. छतावर समुद्राचा उजेड हलत होता. लहानपणी दोघी पाठीवर पडून त्या उजेडातले मासे वाटून घ्यायच्या. मोठा मासा नेहमी पेरिदिलचा. आताही एक मोठा मासा छतावरून सरकत एका अरुंद दाराकडे गेला, आणि शेमसिनुर त्याच्यामागे गेली.

"अहो, तिकडे नाही!" रुश्तू एफेंदी मागून धावला. "तिथल्या फळ्या फुगल्यात. पडाल!"

जाळीची खिडकी समोर होती. तिच्याखालच्या फळ्या ओव्हनमधल्या पावासारख्या वर आल्या होत्या, काळ्या पडल्या होत्या.

"छप्पर गळतं?" तिने विचारलं.

"छप्पर कुठलं! इथे झाडलोट करणारी एक म्हातारी होती, राजवाड्यातलीच जुनी. दर मार्चमध्ये या खिडकीशी येऊन सुरईभर पाणी ओतायची. जाळी खिळे मारून बंद केलेली, पाणी जाणार कुठे? सगळं आत. साहेब रागवून थकले. कुणासाठी ओततेस विचारलं, तर म्हणे, एक अक्कलशून्य बाई परदेशी गेलीय."

शेमसिनुरने जाळीला हात लावला. लाकूड थंड होतं.

"ती आता कुठे असते?"

"मागच्या फाटकावरची चढण. बेकरीच्या वरची खोली. पण हानम... अहो, हानम! सरकारी चपला!"

ती ऐकायला थांबलीच नव्हती.

बेकरीवरच्या खोलीत पेरिदिल दाराशी बसून वाल सोलत होती. तिने वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तिची नजर नमद्याच्या चपलांवर थांबली.

"गेलीस ती बाईसाहेबांची पेटी घेऊन," ती म्हणाली, "आणि आलीस ती राजवाड्याच्या चपला चोरून. सुधारली नाहीस."

"तू म्हणाली होतीस थेंब ओतणार नाहीस."

"म्हणाले होते. मग होडी सुटली आणि मी वर पळत गेले. घाईत जाळी उघडेना, तशीच ओतली सुरई. सगळं पाणी जाळीला आपटून माझ्याच अंगावर आलं! म्हटलं, हे काही मोजायचं नाही. म्हणून मग दर वर्षी पुन्हा." तिने वालाची टोपली पुढे सरकवली. "हात दुखले गं माझे. इतका उशीर करतात? बस, सोलू लाग."

शेमसिनुर बसली. तिला वाल नीट दिसत नव्हते, तरी सोलत राहिली.

त्या संध्याकाळी रुश्तू एफेंदी चपला न्यायला आला आणि चहाला थांबला. पुढे तो निवृत्त होईपर्यंत दर शुक्रवारी येई. चपला न्यायचं दर शुक्रवारी राहून जाई. फुगलेल्या फळ्या नंतर बदलल्या. नव्या फळ्यांचा रंग अजून जरा फिकट आहे. माहीत असलेल्यालाच दिसतो.

दोघी बेकरीवरच आठ-नऊ वर्षं राहिल्या, रोज भांडल्या. आधी पेरिदिल गेली. तिचा जनाजा चढण उतरू लागला तेव्हा शेमसिनुर सुरई घेऊन दारात आली. बायका कुजबुजल्या, "अगं मावशी, मेलेल्यामागे ओतत नाहीत. ते परत येत नसतात."

"ती कशाला येतेय परत," शेमसिनुर म्हणाली, "मी जाणारेय ना. मला वाट सापडायला हवी."

आणि तिने सगळी सुरई ओतली. पाणी चढणीवरून थेट खाली, समुद्राकडे वाहत गेलं. मध्ये जाळी नव्हती. पुढच्या वर्षी एर्गुवान फुलायच्या आत तीही त्याच वाटेने गेली.