गोधडीतली पोरं

मी एअर फ्रायर बोलतोय. नाव इंग्रजी असलं तरी माझा सगळा जन्म कात्रजच्या एका दोन खोल्यांच्या घरात गेला, त्यामुळे मला मराठीच कळतं. हल्ली मी माळ्यावर असतो. इथे अंधार आहे. खालचे आवाज तेवढे ऐकू येतात.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. खोका उघडला तेव्हा समोर मैत्री होती. हिंजवडीला कंपनीच्या बसने जाणारी, कशालाही दचकणारी मुलगी. कुकरच्या शिट्टीला दचकायची, दाराच्या बेलला दचकायची. माझं 'टिंग' झालं की हातातला चमचा खाली. मला वाईट वाटायचं, पण पदार्थ झाला हे सांगायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तिने मला पप्पांसाठी आणलं होतं. तात्याराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, भज्यांवर जीव असलेले. त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, मीठ अगदी नावाला ठेवलं, पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं. मैत्रीच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर चढवली आणि लोणचं शेजारी देऊन टाकलं.

"तेलाशिवाय तळायचं?" तात्यारावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ. काय रे हवाबाज, जमेल ना?"

तेव्हापासून मी हवाबाज.

पण जमलं नाही. सुरणाचे काप, बटाट्याच्या काचऱ्या, सगळं ते चिवडून बाजूला सारायचे. अंगावरचा सदरा रोज थोडा सैल दिसायचा. मैत्री उरलेलं ताट आत आणायची आणि ओट्याशी नुसती उभी राहायची.

मग एका रविवारी तिने मोबाईलवर एक पदार्थ पाहिला. सॉसेजभोवती पिठाची पट्टी गुंडाळायची आणि भाजायचं. बाजारातून तिने चिकन सॉसेजचं गोठवलेलं पाकीट आणलं. मैदा नको म्हणून कणीक घेतली, तीही बिनमिठाची.

"इंग्रजीत याला ब्लँकेटमधली डुकरं म्हणतात, पप्पा."

"डुक्कर कुठंय? पाकिटावर तर कोंबडी आहे."

"नावच आहे हो तसं."

"मग आपण गोधडीतली पोरं म्हणू."

त्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मैत्रीकडे बघितलं. मग ताटातलं सगळं संपवलं आणि म्हणाले, "अजून आहेत?" मैत्री इतकी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. चंद्रभागाबाई उगाचच स्वच्छ ओटा पुसत राहिल्या.

त्यानंतर जवळजवळ रोज संध्याकाळी मी तापायचो. बसमधून उतरून आली की खांद्यावरची बॅगही न काढता ती फ्रीजर उघडायची. फोनवर निशाला, तिच्या मैत्रिणीला, सांगायची, "तेलाचा थेंब नाही गं. आणि खातात बघ किती."

"अहो, परत पाणी? माप दिलंय ना डॉक्टरांनी?" चंद्रभागाबाई टोकायच्या.

"घसा कोरडा पडतो, चंद्रा."

त्यांच्या घोट्यावर मोज्याचा वळ उमटायचा आणि तसाच राहायचा. बसून बसून पाय सुजत असतील, म्हणून मैत्रीने पायाखाली स्टूल दिलं. वरच्या फळीवरची बरणी सगळे राखत होते. फ्रीजरकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एका पहाटे त्यांना आडवं होता येईना. श्वास पुरेना. रुग्णवाहिका आली आणि घर रिकामं झालं.

मग एका दुपारी मैत्री कपडे न्यायला एकटीच आली. ओट्याशी उभी राहून निशाशी बोलत होती. "आहारवाल्या मॅडमनी विचारलं, काय देता. मी अगदी ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, सॉसेजमध्ये मीठच मीठ असतं, पेशंटला हे कसं दिलंत? निशा, मीच दिलं गं. रोज दिलं." फोन बंद झाला आणि ती खाली फरशीवरच बसली. आईला तिने हे कधीच सांगितलं नाही.

डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून तात्याराव घरी आले. स्वयंपाकघराच्या दारासमोर खाट पडली, आणि माझी पिन काढून तिथे ऑक्सिजनचं मशीन लावलं. मी त्यांच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे.

एकदा घरात कुणी नव्हतं. मैत्री कामावर, चंद्रभागाबाई औषधं आणायला गेलेल्या.

"काय हवाबाज," ते म्हणाले. मध्ये मध्ये थांबत होते. "पहिल्या घासालाच कळलं होतं मला. जीभ काय निवृत्त झाली नव्हती माझी. किती महिन्यांनी मीठ लागलं. आणि पोरगी हसत होती. कुठे बोलायचं?" त्यांनी नाकावरची नळी सारखी केली. "तिला सांगायला पाहिजे."

संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "मैत्री, ऐक जरा." ती दचकून धावली. "काय होतंय, पप्पा? मशीन वाढवू?" त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "गोधडीतली पोरं कर."

"नको, पप्पा. प्लीज."

"पोरं राहू दे. नुसती गोधडी कर."

तिने फ्रीजची पिन काढून तिथे मला लावलं. कणकेच्या रिकाम्या गुंडाळ्या मी भाजल्या. माझं टिंग झालं, आणि त्या दिवशी ती दचकली नाही. त्यांनी एक गुंडाळी घेतली आणि कितीतरी वेळ चघळली. "चांगली झालीय," म्हणाले. सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या सकाळी ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या, त्यांना शेवटची आदरांजली वाहायच्या, दिवशी पांढऱ्या कपड्यांनी घर भरलं. गावाकडून आलेली सोजरबाई आत्या सगळ्यांना सांगत होती, "पोरीनं लई जपलं बापाला. तेलाचा थेंब लागू दिला न्हाय." माना हलल्या. मैत्री चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. कुणी तिला चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

तात्यारावांची गोधडी कुणाला पांघरवेना आणि कुणाला देववेना. चंद्रभागाबाईंनी ती माझ्याभोवती गुंडाळली. "धूळ नको बसायला," म्हणाल्या, आणि मला माळ्यावर चढवलं.

खालून रोज जेवणाच्या वेळी एकच बोलणं ऐकू येतं. "अगं, मीठ घे की. तुला काय झालंय?" "नको, आई."

माझं आता काही व्हायचं राहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला हिंजवडीच्या बसमध्ये ती भेटली, खिडकीशी बसलेली, हॉर्नला दचकणारी, तर तिला एवढंच सांगा, की त्यांना पहिल्या घासालाच कळलं होतं. मीच सांगितलं असतं. पण मला एकच शब्द बोलता येतो, आणि त्याला ती घाबरते.