मधली शिवण

सुतारानं गादीच्या मधल्या शिवणीत पटाशी घालून जोरात ओढली. दोरा तुटेना.

"बाबा, कात्री आहे की घरात," मुलगी म्हणाली.

"तुझ्या आईचा दोरा आहे. कात्रीला दाद देणार नाही."

शेवटी शिवण उसवली. गादी एक, पण आत खण दोन. त्याच्या बाजूला कापूस, बायकोच्या बाजूला काथ्या. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं ही शिवण घातली होती. कापसात अंग बुडतं, पाठ भाजते, असं तिचं म्हणणं. काथ्यावर झोपणं म्हणजे पायपुसण्यावर झोपणं, असं त्याचं. हे भांडण दोघांनी संसारभर जपून वापरलं.

ती गेल्यापासून तो बाहेरच्या बाकावर झोपत होता. मान आखडून गेली होती. म्हणून मुलगी आली होती, येताना नवी खोळ शिवून घेऊन. तिनं ती पलंगावर पसरली. निम्म्या फळ्या उघड्याच राहिल्या.

"हे काय?"

"पुरे की एकट्याला. उन्हात घालायची झाली तर एकट्याला उचलताही येईल."

"एकट्याला, एकट्याला! सकाळपासून तेच चाललंय तुझं. मी विसरेन असं वाटतं का तुला?"

मुलीनं एक पोतं पुढे ओढलं. जावयानं पाठवलेला सावरीचा कापूस. सुतारानं मूठभर उचलला, तसा तो उडाला आणि त्याच्या मिशीला चिकटला.

"यावर झोपायचं की हा फुंकत बसायचं? कूस बदलली की सगळा एका कोपऱ्यात."

"मग या दुसऱ्या पोत्यातली लोकर घ्या. मऊ आहे, ऊबही राहील."

त्यानं नाक जवळ नेलं. "मेंढीचा वास येतो."

"धुतलेली आहे, बाबा."

"मेंढीही धुतलेलीच असेल."

मुलीला हसू आलं, पण त्याच्याकडे पाहून तिनं ते गिळलं. "मग तुमचाच जुना कापूस पिंजून घेऊ. सवयीचा आहे." आणि बोलता बोलता ती दुसऱ्या खणातला काथ्या रिकाम्या पोत्यात भरू लागली. "हा कुंड्यांना होईल."

"ठेव खाली."

"अहो, तुम्हीच म्हणायचात ना, पायपुसणं..."

"मी म्हणायचो. तू नाही म्हणायचं!" त्याचा आवाज फाटला. "कपाट रिकामं केलंत, मी बोललो नाही. चपला कुणाला देऊन टाकल्यात, बोललो नाही. आता ती ज्यावर झोपायची ते कुंड्यांत घालणार? एवढी कसली घाई झालीय तुम्हा सगळ्यांना?"

मुलीच्या हातातून पोतं सुटलं.

"माझीही आईच होती ती," ती म्हणाली.

तो खाली बसला. काथ्याचा एक दबलेला गठ्ठा घेऊन बोटांनी सोडवू लागला. थोड्या वेळानं मुलगी समोर येऊन बसली आणि तिनं दुसरा गठ्ठा घेतला. धूळ उडत होती. दोघं शिंकत होती.

खोळीत काथ्या भरताना तो आधी मध्यभागीच ठासू लागला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"आधी कोपरे. आई तसंच करायची."

त्यानं मुकाट्यानं कोपरे भरले. मग टाके. तो वरून लांब सुई खुपसायचा, ती खालून ओढून परत वर पाठवायची.

गादी तयार झाल्यावर मुलीनं ती त्याच्या बाजूला टाकली. त्यानं ती खिडकीकडे सरकवली, बायकोच्या जागेवर. मग अंग आखडून, दात आवळून तो आडवा झाला. या काथ्याला त्याची पाठ कधी लागलीच नव्हती.

त्यानं वाट पाहिली. एक कूस बदलली, मग दुसरी. पाठ सरळ झाली, मानेला आधार मिळाला, खालून वारा खेळल्यासारखं वाटलं. एक काडीही टोचली नाही.

तो आढ्याकडे बघत राहिला.

"टोचतंय ना?" मुलीनं दारातून विचारलं. "अजून बदलता येईल."

त्यानं बाजूच्या उघड्या फळ्यांवर हात ठेवला.

"टोचतंय," तो तावातावानं म्हणाला. "टोचणारच! हिला किती वेळा सांगितलं मी."

आणि त्यानं पाय लांब केले.