शेवग्याखालचं पित्त

आमच्या राममूर्ती अण्णाला, माझ्या भावाला, एक खोड आहे. अंगावर काही उठलं की ते नीट बघायच्या आधीच तो कारण ठरवून मोकळा होतो. बँकेत बसून हेच शिकला की काय, कोण जाणे. त्या सकाळी आपल्या लेकीच्या, भवानीच्या, मानेवर त्याला लाल गांधी दिसल्या मात्र, तो तडक अंगणात गेला आणि कडुनिंबाचे डहाळे तोडून आणले, दाराला बांधायला.

"अम्मन आली गं, सुंदरी," मला म्हणाला. चेहरा पार उतरलेला.

मद्रासेत कांजिण्या आल्या की देवी घरी आली असं मानतात. दाराला कडुनिंब लागला की पाहुणा उंबरा ओलांडत नाही. आणि आमच्याकडे त्याच संध्याकाळी अन्नपूर्णाबाई भवानीला बघायला येणार होत्या. त्यांचा मुलगा कृष्णकांत, रेल्वेच्या कचेरीतला, अड्यारला आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचा. आई साताऱ्याहून मुद्दाम आलेली, दुसऱ्या दिवशी परत जाणार. डहाळे बांधले असते तर बाईंनी गावी जाऊन दुसरी मुलगी बघितली असती. भवानीला तर तोच हवा होता. तोंडाने बोलली नव्हती, पण मला काय डोळे नाहीत? आई नसलेली पोर, मी वाढवलेली. तिचं मन मोडलेलं मला बघवलं नसतं.

मी डहाळे अण्णाच्या हातातून काढून घेतले.

"ताप आहे तिला?"

"नाही."

"फोडांत पाणी?"

"नाही."

"मग अम्मन काय वाट चुकून आली?"

"घामोळं असेल."

"कार्तिकात, चार दिवस पाऊस पडून गेल्यावर? आणि घामोळं मोहरीएवढं बारीक असतं, घाम मुरतो तिथे उठतं."

"गजकर्ण?"

"त्याला गोल कड असते."

"खरूज?"

"ती बोटांच्या बेचक्यांतून सुरू होते. अण्णा, तू पेपर वाच."

तो पेपर वाचायला बसला. मी भवानीला मागच्या खोलीत नेलं आणि उजेडात उभं केलं. गांधी मानेवर होत्या, उजव्या हातावर कोपरापासून खाली होत्या, एकामागे एक रांगेने. चोळीच्या आत एकही नाही. परटाने खूण करायला लावलेला बिब्बा कुणाकुणाला उततो, पण तो कापड टेकतं तिथे उततो. हे उघड्या अंगावर वरून पडलेलं काहीतरी होतं. आमच्या परसात वरून काही पडावं असं झाड एकच, भिंतीला टेकलेला शेवगा. पाऊस सरला की त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची चटई पसरते. त्यांची नुसती कुसं उडून अंगावर आली तरी पुरे.

"काल शेवग्याखाली काय करत होतीस?"

"शेंगा काढत होते."

"मग त्या शेंगा गेल्या कुठे? काल घरात भोपळा शिजला."

ती खाली बघायला लागली. भिंतीच्या पलीकडे कृष्णकांतचं परस. मला काय ते कळलं.

"रोज जातेस?"

"रोज नाही, आत्या. शुक्रवारी देवळात जाते ना."

काय बोलणार असल्या पोरीला? मी तिला चांगली फैलावर घेतली. मग अंगावर भरपूर पाणी ओतलं, धुतलेले कपडे दिले आणि खाजवायचं नाही असं बजावलं, कारण खाजवलं की कुसं आणखी आत रुततात. पण खरी पंचाईत पुढेच होती. कारण सांगावं तर तिन्हीसांजेला पोर भिंतीशी काय करत होती हे सांगावं लागणार. न सांगावं तर बाई कातडीचा रोग समजून उठून जाणार.

संध्याकाळी बाई आल्या. मी इथल्या रीतीप्रमाणे सोज्जी आणि बज्जी, म्हणजे भजी, पुढे केली. त्यांनी सोज्जी चाखली आणि म्हणाल्या, "हा तर आमचा शिराच." भवानी नमस्काराला वाकली आणि नेमका पदर सरकला.

"मुलीच्या मानेवर हे काय?"

"घामोळं," अण्णा म्हणाला.

"पित्त," मी त्याच क्षणी म्हणाले.

"दोन्ही?" बाईंनी विचारलं. "रोग असेल तर आत्ताच सांगा. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

भवानीचे डोळे भरले होते. मी कृष्णकांतकडे बघितलं. गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता आणि खुर्चीच्या पाठीला हळूच खांदा घासत होता. मी बज्जीची ताटली घेऊन त्याच्या मागून गेले. कॉलरच्या वर तशाच गांधी, त्यांवर कसलेसे तांबूस डाग.

"चिरंजीवांना काय झालं?"

"त्याला पित्त उठलंय. आमसूल चोळलंय मी."

"पित्त इथे उठतं, तिथे बसतं. ह्यांचं कालपासून एकाच जागी आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"हिचंही तसंच आहे. म्हणजे आमच्या घरात जो रोग, तोच तुमच्या घराण्यात. थोडं आमसूल आम्हालाही द्या."

कृष्णकांतचा चेहरा गांधींपेक्षा लाल झाला. कमरेचा बटवा सोडून बाईंनी आमसूल काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तेव्हा त्यांचा हात मला दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याच गांधी.

"आणि तुम्हाला, विहीणबाई?" मी हळूच विचारलं.

"काल भिंतीशी उभी होते," त्याही तितक्याच हळू म्हणाल्या. "पोरगा दिवेलागणीला परसात कुणाशी बोलतो ते ऐकायला. तो साताऱ्याकडे बदली मागायचं म्हणत होता. ही म्हणाली, आत्या बरोबर येणार असेल तर मागा, नाहीतर मी इथेच बरी." त्यांनी आमसूल माझ्या हातावर ठेवलं. "मुलगी मला तिथेच पसंत पडली. आज एवढंच बघायचं होतं, की तिची आत्या तिच्यासाठी किती खोटं बोलते."

एरवी माझं तोंड बंद करायला अण्णाचं आयुष्य गेलं, बाईंनी ते एका आमसुलावर बंद केलं.

अण्णाने हातातली ताटली खाली ठेवली. आमच्या कुजबुजीतलं 'भिंतीशी' तेवढं त्याने ऐकलं आणि लगेच ठरवलं, की हे सगळं परसातल्या झाडामुळे झालं.

"मग उद्याच तो शेवगा तोडून टाकतो," तो म्हणाला.

"हात लावून बघ," मी म्हणाले.