तेही

"'तेहिओ' म्हणजे विणली, ते बरोबर आहे अम्मी. पण त्याच्या आधी झीशानभाई काय म्हणतात?"

जैतुनबीनं परातीतलं पीठ मळता मळता आठवून सांगितलं, "मी आबुएलो."

लुबनानं वही मिटली. वेरूळला गाईड व्हायचं म्हणून ती वर्षभर स्पॅनिश शिकत होती. "आबुएलो म्हणजे आजोबा. ते म्हणतात, माझ्या आजोबांनी विणली."

जैतुनबीचे हात पिठातच थांबले. शहागंजातल्या झीशानभाईंच्या हिमरू शालींच्या दुकानात ती अकरा वर्षं मागावर होती. माग खड्ड्यातला, त्यामुळे ती कमरेपासून वर तेवढी दिसायची. हिवाळ्यात स्पॅनिश पाहुणे आले की झीशानभाई शाल उलगडत आणि कुठल्याशा गाईडकडून घोटून घेतलेलं ते एकच वाक्य म्हणत. पाहुणे तिच्या दिशेनं बघत. आपल्याबद्दलच सांगतायत असं समजून ती हसून सलाम करायची. तिच्या डोक्यामागे भिंतीवर झीशानभाईंच्या आजोबांचा फोटो होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. शाली तिच्या मागावरून गेल्याच महिन्यात उतरलेल्या.

"आणि मी विणली, असं म्हणायचं तर?" तिनं विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

"तेही. शेवटच्या 'ही'वर जोर. आपल्यात नुसतं 'विणली' म्हटलं तर कुणी, ते कळत नाय. त्यांच्यात शब्दाच्या शेपटीवरूनच माणूस कळतो."

जैतुनबीला हसू आलं. दुकान दाखवून झालं की झीशानभाई शेवटी खड्ड्याकडे हात करून म्हणायचे, "आणि तेही बघून घ्या." म्हणजे माग. त्यात बसलेली जैतुनबी मागाबरोबर आपोआप बघून व्हायची.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाठांतर धरलं. धोटा इकडून गेला की तेही, तिकडून आला की तेहिस्ते, पुन्हा गेला की तेहिओ. मग तेहिमोस, तेहिस्तेइस, तेहिएरोन. तेहिमोस म्हणजे आम्ही विणली. ते तिला मुळीच पटत नव्हतं, तरी तेही पाठ केलं. आठ दिवसांत सहाच्या सहा रूपं अशी पक्की झाली की लुबनाच अडखळे आणि ही स्वयंपाकघरातून दुरुस्त करी.

पण पाठांतर वेगळं आणि माणसांसमोर तोंड उघडणं वेगळं. एक म्हातारं जोडपं आलं तेव्हा घाईघाईत तिच्या तोंडून निघालं "तेहिओ". दोघांनी वर फोटोकडे बघितलं आणि आजोबांना हात जोडले. त्या दुपारी तिला डबा गेला नाही. तिच्याच तोंडानं तिची शाल तिनं दुसऱ्याला देऊन टाकली होती.

बुधवारी बारा बायका आल्या. त्यांच्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं जांभळी शाल उचलली. जैतुनबीची सर्वांत लाडकी, पोपटी वेलींची. झीशानभाईंनी वाक्य म्हटलं. बाईनं शाल उलटी करून मागचे धागे बघितले, कोऱ्या काठावरून बोट फिरवलं आणि शंका आल्यासारखं विचारलं, "किएन ला तेहिओ?"

किएन म्हणजे कोण. झीशानभाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

जैतुनबीनं धोटा ठेवला, दोन्ही हात खड्ड्याच्या काठावर टेकले आणि ती वर आली. ती चांगली उंच होती. गिऱ्हाइकांसमोर ती अशी सरळ उभी कधी राहिलीच नव्हती. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिनं हात छातीवर ठेवला.

"तेही," ती म्हणाली. जोर बरोबर शेवटी पडला. तरी शंका नको म्हणून पुढे 'मी'सुद्धा जोडलं, "यो. जैतुनबी. तेही."

बाईनं शाल बाजूला ठेवली आणि तिचे हात हातात घेतले. बोटांवरचे घट्टे अंगठ्यानं चाचपले. मग सावकाश म्हणाली, "तेहिस्ते."

तू विणलीस.

हे जैतुनबीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एवढ्या आयुष्यात तिला हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तर ते तिच्या पाठातलं निघालं. तिला इतका आनंद झाला की सलाम करायचं ती विसरलीच.

पाहुण्या गेल्यावर झीशानभाई बराच वेळ घडी घातलेल्याच शालींच्या घड्या घालत राहिले. मग खड्ड्यापाशी आले.

"खाला, आपण विणली, असं म्हणायचं तर काय म्हणतात त्यांच्यात?"

जैतुनबीनं पाय परत खड्ड्यात सोडले, धोटा उचलला.

"तेवढं अजून शिकले नाय, झीशानभाई."