कासवाची लिफ्ट

बिट्टी पावणेतीन वर्षांची झाली, तरी दोन शब्द काही एकमेकांना जोडत नव्हती. ‘आई’, ‘पाणी’, ‘नको’, ‘गेलं’, असा एकेक शब्द सुटा टाकायचा आणि गप्प बसायचं. आईच्या जिवाला घोर लागला होता. त्यात वाचनालयातल्या बाईंनी हातावर पुस्तक ठेवलं, तेही बिनशब्दांचं!

“अहो, हिला बोलतं करायचंय, आणि तुम्ही मुकं पुस्तक देताय?”

“मुकं कसलं? बघा तरी आधी,” बाई हसल्या. “शुक्रवारी परत आणा मात्र. मागे रांग आहे.”

पुस्तकात प्राण्यांचं एक गाव होतं. उंदीर, खारी, साळिंदर, सगळी डोकेबाज मंडळी. म्हाताऱ्या कासवाला झाडावरच्या शेजाऱ्यांकडे जाता यावं, म्हणून अख्खं गाव लिफ्ट बांधायला लागलं होतं. अक्रोडाच्या टरफलांची चाकं, जुन्या टोपलीचा पाळणा. चित्रं झकास होती, पण अक्षर औषधालाही नव्हतं. आईनं त्यावर तोडगा काढला. बिट्टी दुपारी झोपल्यावर तिनं चिकट चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरात वाक्यं लिहिली आणि पानापानावर लावली. चित्र झाकलं जाऊ नये म्हणून सगळ्या वर, आभाळाच्या मोकळ्या जागेत.

“पाठ्यपुस्तक केलंस की त्याचं!” बाबा म्हणाले. “खाली गाळलेल्या जागा पण दे.”

“तुम्हाला थट्टा सुचतेय. शेजारची हिच्याएवढीच पोर गाणी म्हणते, गाणी!”

संध्याकाळी आई बिट्टीला मांडीवर घेऊन बसली. “उंदीरमामा चाक फिरवतात. म्हण बरं, चाक.”

बिट्टीनं चिठ्ठी ओढून काढली आणि बाबांच्या गुडघ्याला चिकटवली.

आईनं ती परत जागेवर लावली. बिट्टीनं पुन्हा काढली. तीन-चार पानं हेच चाललं. बाबांचा गुडघा भरत आला तशी आई रडकुंडीला आली. पोरीला शब्द डोळ्यांसमोरही नकोत की काय? तरी तिनं नेटानं पुढचं पान उलटलं. टोपली अर्ध्यावर होती आणि खारींनी हात वर केले होते. आईनं स्वतःचीच चिठ्ठी वाचली, “सगळे आनंदानं टाळ्या वाजवतात.”

बिट्टीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एवढंही कळत नाही का तुला, असा चेहरा. मग चिठ्ठी टरकन काढून तिनं आभाळावर बोट ठेवलं.

“दोई तुटली!”

चिठ्ठीखाली केसासारखी बारीक रेघ होती. चाकापासून फांदीवरून टोपलीपर्यंत गेलेली दोरी, मधेच तुटलेली. आईनं भराभर मागची पानं पाहिली. दर पानावर तिचा एकेक पीळ सुटत चालला होता, आणि नेमक्या तिथेच आपली सुवाच्य वाक्यं! खारी टाळ्या वाजवत नव्हत्या, सुटलेलं टोक पकडायला धडपडत होत्या.

“अगं, दोन शब्द!” बाबा उडालेच. “थांब, आजीला फोन लावतो.”

“श्श!” आईनं उरलेल्या चिठ्ठ्या घाईघाईनं सोलायला घेतल्या. “नंतर लावा हो. इथं कासव लटकलंय.”